नळाचा कायदा

संप फिसकटल्यावर आमच्या लालबागच्या चाळीत बेकार पुष्कळ झाले, कायदेमंत्री मात्र एकच झाला. ते म्हणजे आमच्या मजल्यावरचे काका; गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आता कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने देशासाठी कायदे लिहायचे आणि जिन्यात गाठून ऐकवायचे. "दिल्लीचं सोड रे, आधी आपला मजला," म्हणत त्यांनी पहिला कायदा मजल्यावरच्या एकुलत्या नळाला लावला. घरटी दोन कळश्या, आणि वाटप करणाऱ्याने सर्वांत शेवटी भरायचं. वाटप तेच करत. आश्चर्य म्हणजे भांडणं थांबली.

एका सकाळी त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते आणि नेमकं काकांच्या पाळीला पाणी गेलं. घरात चहापुरतंही नव्हतं.

"आजच्या दिवस आधी भरलं असतं तर?" काकू दारातून म्हणाल्या.

"मग उद्या माझं कोण ऐकेल?" काका म्हणाले, पण काकूंकडे न बघता.

आम्ही आपापल्या कळश्या घेऊन धावलो. काकांनी दारात हात आडवा केला. "घरटी दोनच. कायद्यात बसत नाही."

शेजारची मालवणी मावशी तो हात बाजूला सारून सरळ आत शिरली. "कायदो तुझो नळाचो. भरलेली कळशी माझी. ती मी कोणाकय देईन."

काकांनी कानावरची पेन्सिल काढून कॅलेंडर उलटं केलं.

"मावशी, जरा सावकाश सांगा. हे कलम राहिलंच होतं."