ही ओळ कुणावर?

आमच्या मोंबासाच्या जुन्या वस्तीत बायका एकमेकींना तोंडावर शिव्या देत नाहीत. कांगा नेसतात. कापडाच्या काठाजवळ एक ओळ छापलेली असते, ती जिला लागायची तिला बरोबर लागते. लेकी बोले सुने लागे, दुसरं काय! त्यातल्या कितीतरी ओळी माझ्या समोरच्या घरातल्या बी मिझेच्या, म्हणजे मिझेबाईच्या आहेत, हे बाजारात कुणाला ठाऊक नाही. लिहिणारीचं नाव कापडावर छापत नाहीत.

मी सौमू. कांग्याची जोडी अखंड येते, ती मधून कापून कडा शिवून द्यायचं माझं काम. मशीन दारात असतं, त्यामुळे मिझेच्या ओट्यावरचं सगळं मला दिसतं आणि ऐकूही येतं.

दुपारी ती मांडीवर सूप घेऊन तुरी निवडत बसायची. बायका यायच्या, आपापली रड सांगायच्या. ही खडे काढत ऐकायची. मग एकदम हात थांबायचा आणि ओळ यायची. माझ्या नणंदेनं भर पंगतीत माझ्या हातच्या माशाला नावं ठेवली, तेव्हा मी हिच्याकडेच धावले होते. म्हणाली, “लिही. ‘ताट चाटून झालं, आता मीठ कमी.’” कांगे छापणाऱ्या शेठनं ती छापली. तो कांगा नेसून मी नणंदेच्या दारावरून तीनदा गेले. सहा महिने फिरकली नाही बया, आणि मग हलवा घेऊन आली.

मिझे स्वतः मात्र धुऊन धुऊन अक्षरं उडालेले कांगे नेसायची. विचारलं की म्हणायची, “मला कुणाला काही बोलायचं नाही गं.” मला हे कधी पटलं नाही. काही बोलायचंच नाही अशी बाई मी अजून पाहिलेली नाही.

मग तिच्या तिमाचं लग्न ठरलं. आमच्यात मुलीकडच्या बायका एकाच छापाचा कांगा नेसतात. तिमा आईला म्हणाली, “आई, गावभरच्या भांडणांना ओळी दिल्यास. माझ्या लग्नाला तुझी ओळ पाहिजे. कुणासाठी नको, कुणावर नको. तुझ्या मनातली. नाहीतर सगळ्या कोरं कापड नेसा.” बोलली हसत, पण डोळे हसत नव्हते. एकुलती एक पोर, आईकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं तिनं. शेठनं छपाईसाठी वीस दिवसांची मुदत दिली.

पहिल्या दिवशी मिझे उड्या मारतच आली. “‘रोप लावणारीला सावली उशिरा मिळते.’ कशी आहे?”

“छान आहे. पण ही तू झुहुराच्या सासूसाठी दिली होतीस. गेल्या ईदला.”

“अगं बाई, हो की!”

दुसऱ्या दिवशी आली. “‘होडी गेली तरी दोरीचा वळ हातावर राहतो.’”

“हे तर तुझी आई म्हणायची. मी लहानपणी ऐकलंय.”

असं रोज. एक ओळ मावशीची, एक सवतीला कंटाळून माहेरी आलेल्या कुणाचीतरी. आठ दिवसांत तिचा चेहरा उतरला. नवव्या दिवशी तिनं आपली सगळ्यात गाजलेली ओळ काढली. “‘समुद्राला तहान विचारू नका.’ ही तरी माझी ना?”

“मासेवाला कोंबो ओरडायचा की असंच काहीतरी. तू ऐकून नीट केलीस.”

हे मी का सांगत सुटले? माझ्या जिभेला हाड नाही, झालं!

ती तिथंच मशीनपाशी बसली. “सौमू, सगळ्यांचे दाणे ज्याचे त्याला दिले की माझं सूप रिकामं. मग मी म्हणून कुणी आहे तरी का गं?”

मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडते. “नसती खुळं काढू नकोस! इतकी वर्षं लोकांना शब्द पुरवलेस, ते काय आभाळातून पडले? लिही काहीतरी आणि मोकळी हो.”

“काहीतरी लिहिणंच तर येतं मला,” ती म्हणाली.

विसाव्या दिवशी तिनं शेठकडे चिठ्ठी धाडली. ‘सगळ्यांचं बोलले, माझं बोलणं सापडेना.’ तिमानं ओळ वाचली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “हीच.”

चाळीस जोड्या मी शिवल्या. मिझे मात्र लग्नाच्या दिवशी जुना रेशमी झगा घालून उभी. “ती ओळ अंगावर घ्यायची हिंमत होत नाही,” म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

आता विहीणबाई, बी शामसा. बिर्याणी की पिलाव, पाहुणे किती, धूप कुठला, सगळं तिनंच ठरवलेलं. मुलाकडचं तीच बोलली, आमच्याकडचंही तीच बोलली. लग्नघरात शिरली, आमच्या चाळीस जणींच्या अंगावरची ओळ वाचली आणि दारातच थांबली.

“‘सगळ्यांचं बोलले’? चाळीस जणी मिळून मला टोमणा?”

चोराच्या मनात चांदणं! पण हे मोठ्यानं बोलायची सोय नव्हती.

मिझे पुढे आली. “अहो, तुमच्यावर नाही हो. ती माझ्यावरच आहे.”

“स्वतःवर कांगा कुणी छापतं का? आणि तुमच्यावर आहे तर तुमच्या अंगावर का नाही? चला गं, बुरखे चढवा. या घरातली सून करायची नाही मला.”

तिच्याकडच्या बायका खरंच उठायला लागल्या. मिझेनं एकदा आतल्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बोट माझ्यावर रोखलं. “या सौमूवर आहे! वीस दिवस माझं डोकं खाल्लं हिनं. ही ओळ अमकीची, ती तमकीची. सगळ्यांचं बोलते, स्वतःचं एक अक्षर नाही!”

सगळा जमाव खो खो हसला. शामसानं माझा गालगुच्चा घेतला. “असं होय! मला वाटलंच, ही शिवणारी जरा आगाऊ आहे.” मीही हसले. काय करणार?

आतल्या दारात तिमा उभी होती, मेंदीच्या पायांनी. तिनं हळूच विचारलं, “आई, माझ्यासाठी नव्हती ती?”

शामसा हाताच्या अंतरावर. मिझे म्हणाली, “सौमूवर आहे गं.”

तिमानं मान हलवली आणि आत गेली. लग्न थाटात झालं.

त्यानंतर मिझेनं एकही ओळ दिली नाही. बायका रड घेऊन यायच्या आणि तशाच परत जायच्या. एकदा न राहवून मी विचारलं, “खरं सांग, माझ्यावर होती का?”

“लिहिली तेव्हा नव्हती. बोलले तेव्हा होती. आता मलाच सांगता येत नाही.”

तिमाची जोडी न कापलेली माझ्याकडेच पडून होती. न्यायला ती आलीच नाही. मिझे रोज त्या कापडाकडे बघायची आणि मान फिरवायची.

सातव्या आठवड्यात तिमा आली, ती थेट माझ्या दारात. “मावशी, माझी जोडी काप.”

“तुला कशाला? ती तर माझ्यावर आहे.”

“काप ना गं.”

मी कापली, कडा शिवल्या. एक कांगा तिनं स्वतः नेसला, दुसरा घेऊन गल्ली ओलांडली आणि तुरी निवडत बसलेल्या आईच्या खांद्यांवर टाकला. मिझे दचकली. मान वाकडी करून तिनं छातीवर आलेली अक्षरं वाचली.

“आता सांग, कुणावर आहे?” तिमानं विचारलं.

“अगं, खरंच मला अजून नीट कळत नाही.”

“मग तेच तर लिहिलंयस, आई.”

मधे तिमा उभी होती, त्यामुळे मिझे रडली की हसली, मला इथून दिसलं नाही. मग उठली आणि तसाच कांगा पांघरून भर बाजारातून नारळ आणायला निघाली. गल्लीतल्या कॉफीवालीनं हटकलंच, “कुणावर गं मिझे?”

“माझ्यावर.”

“हो, हो! आम्हाला शिकव!” म्हणत ती डोळे मिचकावून माझ्याकडे बघायला लागली. गल्लीत कुणाचाच विश्वास बसला नाही. माझाही नाही. मी आत गेले, पेटीतून माझा कांगा काढला आणि मांडीवर पसरला. चाळीस जोड्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या, पण ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची म्हणून वाचली.