होडीत बसून राहिलेला माणूस

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. शिवडी बंदरावर आठ खलाशी एक जड, सपाट होडी दोरांनी ओढून चिखलातून ट्रेलरवर चढवत होते. कंत्राटदाराचा माणूस होडीतच छत्री उघडून बसला होता. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या खलाशाचा तळहात दोराने रक्ताळलेला पाहून मी भडकलो.

"अहो, उतरा! तुमचं दोन मण वजन यांनी का ओढायचं?"

"बूट माखले तर तुम्ही पुसणार?"

म्हातारा ओढणाऱ्यांना ताल देत होता, ती हाळी त्याने थांबवली. हाळीशिवाय कोणी जोर लावत नाही. होडीला अटकण लावून सगळे तंबाखू मळत बसले.

"रावसाहेब, उतरा," म्हातारा म्हणाला, "नायतर भरती येयसर थयच बसा."

तो उतरला. होडी एका दमात चढली. मग त्याने स्वच्छ रुमाल काढला. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या हाताला बांधेल.

त्याने बूट पुसले.