सारिका आत आली की…

मी नर्स आहे, कोल्हापुरात, नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये. मशीनवर दिसेल त्यावरच विश्वास ठेवायची सवय. करणी, शाप, तळतळाट असलं काही मी कधीच मानलं नाही. मंगळवार पेठेत आमच्या शेजारणी अंगारा आणायच्या, मी हसायचे. पण हे मी स्वतः पाहिलंय, भर दुपारी. नावं तेवढी बदललीत.

सारिका कागलजवळच्या एका गावातली. तिला पहिलीच मुलगी झाली, आणि बाळाच्या हृदयात मोठा दोष. हृदयाजवळची एक छोटी रक्तवाहिनी जन्मानंतर आपोआप मिटते… या बाळाचा जीव नेमका तिच्यावरच होता. ती उघडी राहावी म्हणून सलाइनमधून औषध चालू होतं. अशा बाळाला रडू द्यायचं नसतं, रडलं की ऑक्सिजन घसरतो, बाळ निळं पडतं. मी तिला दुपट्यात गच्च गुंडाळून माझी करंगळी धरायला द्यायचे. लगेच शांत व्हायची. पुण्याला ऑपरेशन ठरलं होतं, सरकारी योजनेतून. ॲम्ब्युलन्ससुद्धा सांगून ठेवली होती.

पुण्याला निघायच्या सकाळीच सारिकाचे सासरे आले. गावात वजन असलेला माणूस, सगळे आण्णा म्हणायचे.

"घरी न्हेतो तिला," म्हणाले.

"आण्णा, औषध काढलं की बाळ जाईल," मी सांगितलं.

"मग जाऊ दे की. पोरगीच हाय न्हवं? चिरफाड केलेली पोरगी उद्या कोण करून घेणार?"

डॉक्टरांनी खूप समजावलं. शेवटी नवऱ्यानं मान खाली घालून सही केली. सारिकाला कुणी विचारलंच नाही. सलाइन मला काढावी लागली.

पुढं बाळंतपणाचे टाके दाखवायला सारिका आली, तेव्हा मला भेटली.

"माझ्याजवळ दिलीच न्हाय, सिस्टर. आण्णांनी तिला भायेर सोप्यात ठेवली आन् मला आत कोंडलं. लई रडली… मग थांबली." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "आता मी त्या घरातनं हलणार न्हाय," एवढंच बोलली.

काही महिन्यांनी कॅज्युअल्टीतून फोन आला. "सिस्टर, तुमचं ऑक्सिजन मोजायचं मशीन द्या, आमचं चुकीचं दाखवतंय."

मी घेऊन गेले. खाटेवर आण्णा. ओठ, नखं, जीभ, सगळं निळं. उशाशी सारिका, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. माझ्या मशीननंही तेच दाखवलं, ऑक्सिजन पार खाली. डॉक्टरांनी तिला औषधं आणायला पाठवलं… आणि आण्णांचे ओठ बघता बघता गुलाबी झाले. ती परत आली, पुन्हा निळे.

"हिला भायेर काढा," आण्णा धापा टाकत म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, भीतीनं होत असेल. म्हणून मी आण्णांना भिंतीकडं तोंड करून झोपवलं आणि सारिकाला खुणेनं आत बोलावलं. पावलाचा आवाजसुद्धा नाही. तरी नखं निळी.

एकदा बघून पुरे होतं, पण मी तिला पुन्हा पुन्हा बोलावलं.

आण्णा रडायला लागले. "कायतरी औषध लावा की वो, सिस्टर."

"रडू नका आण्णा," मी म्हटलं. "रडलं की अजून घसरतं."

ईसीजी, इको, रक्त, सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टरांनी घरी पाठवलं.

आण्णा आता मळ्यातल्या खोलीत राहतात. जेवणाचा डबा सारिकाच नेते, दुसऱ्या कुणाला नेऊ देत नाही. मध्यंतरी बाजारात भेटली तेव्हा मी म्हटलं, "सारिका, मरतील अशानं ते."

"मरत न्हाईत," ती म्हणाली. "डबा ठेवते, जरा वेळ बसते. लई निळं झालं की उठते."

आमच्या डॉक्टरांना हे कोडं अजून सुटलेलं नाही, मलाही नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा.

उपाय मात्र सांगू नका.