फक्कीवाले सर

कागदावरचा नकाशा माणसाला कळत नाही, असं सरांचं ठाम मत होतं. म्हणून कबड्डीच्या मैदानावर मारतात ती चुन्याची फक्की घेऊन ते आराखड्यातला रस्ता नि गटार जिथल्या तिथे जमिनीवर आखून दाखवत. काळी विजार गुडघ्यापर्यंत पांढरी. पुण्यात नगरनियोजन शिकवून केस पिकवलेला हा प्राध्यापक आहे, हे नवख्याला सांगूनही पटत नसे.

निवृत्तीनंतर ते सारंगखेड्याकडच्या आपल्या गावी परतले आणि आमच्या नगरपालिकेला फुकट सल्ला देऊ लागले. मी तिथे आरेखक. साहेबांशी ते प्रमाण मराठीत भांडत, लोकांशी अहिराणीत बोलत. "लोकांच्या भाषेत सांगता येत नाही ती योजना आपल्यालाच कळलेली नसते," हे मला दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे.

शहराच्या नव्या आराखड्यासाठी बाजारपट्ट्याची पाहणी मी केली, ती सोमवारी. आमचा बाजार मंगळवारचा. मोकळं मैदान दिसलं, मी 'रिकामी जागा' लिहिलं, तिथे वाहनतळ आखला गेला आणि त्याखाली सरांची सही झाली.

पुढे एका मंगळवारी सर फक्की घेऊन भर बाजारात उतरले. वाहनतळाची रेघ भाजीवाल्या जमनाबाईच्या टोपलीला येऊन अडली. तिने मान वर केली.

"सर, तुमना कागदमा मी कोठे शे?"

सरांनी नकाशा पाहिला, मग बाजार पाहिला. "कोठेच नही, माय. चूक मन्ही शे."

हरकतींच्या सुनावणीत पहिली हरकत सरांची होती, स्वतःच सही केलेल्या आराखड्यावर. "पाहणी चुकली, जबाबदार मी," भरल्या सभागृहात ते म्हणाले. मी मागच्या खुर्चीत बसून नकाशा गुंडाळत होतो. बाहेर आल्यावर कसंबसं म्हणालो, "सर, पाहणी माझी होती."

"तू कोणत्या वारी गेलास, हे विचारणं माझं काम होतं," म्हणाले आणि चहा मागवला. इतका मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

बाजार वाचला. पुढे दर मंगळवारी सर जमनाबाईशेजारी पोतं अंथरून बसत आणि लोकांचे अर्ज लिहून देत. तिच्या मिरच्यांनी शिंकत, पण जागा बदलत नसत.

यंदा थंडीत सर गेले. नंतरच्या मंगळवारी मी सुधारित नकाशा घेऊन बाजारात गेलो. पाय ठेवायला जागा नव्हती, पण जमनाबाईच्या शेजारी पोतं अंथरलेलं होतं आणि त्यावर कुणी नव्हतं.

"माय, आठे कोण बसस?" मी विचारलं.

"सरनी जागा शे," ती मिरच्या निवडत म्हणाली. "तुन्हा कागदमा लिखी ठेव."

नकाशात अशी नोंद करता येत नाही. मी तिच्यासमोर बसून ती केली.