बिननावाची मिरवणूक

कल्पना करा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओल्या पोत्यात गुंडाळलेली ओटच्या काडाची पेंढी तुमच्यासमोर ठेवली आहे. त्यातल्या तीन काड्या उचला. पीळ द्या, अंगठ्याखाली दाबून धरा, पुन्हा पीळ द्या. एखादी काडी निम्म्यावर आली की ती संपायची वाट बघायची नाही, लगेच तिच्या कुशीत नवी सरकवायची. नाहीतर दोर तिथेच तुटतो. शेगडीपासून दारापर्यंत आणि दारापासून परत शेगडीपर्यंत पुरेल एवढा दोर झाला, की तो गोल गोल रचत वर न्यायचा, वर निमुळता होत जाईल असा. खाली तो खांद्यांवर टेकला पाहिजे आणि वर शेंडीसारखा जुडगा उभा राहिला पाहिजे. आता तो डोक्यावर घाला. आत अंधार आहे, कोठाराचा वास आहे आणि तुमचाच गरम श्वास. डोळ्यांसाठी भोकं नाहीत. पिळांच्या फटींतून दिसेल तेवढंच जग. भोकं ठेवली तर डोळे दिसतात, आणि आमच्या गल्लीतली, टॅनरी लेनमधली माणसं नुसत्या डोळ्यांवरून सांगतात की तुम्ही कुणाचे कोण.

नोनी क्विलिगन हे मुखवटे गेली पंचावन्न वर्षं वळते आहे. काड किलमॅलक गावाजवळच्या एका शेतकऱ्याकडून येतं. तो तिच्यासाठी अर्धा एकर ओट जुन्या कापणीयंत्राने कापतो, कारण नव्या यंत्रात काड चिरडतं. काड किती ओलं हवं, हे तिला सांगता येत नाही. ओलावा मोजायचं यंत्र घेऊन एकजण तिच्याकडे गेला होता. तिने काडी ओठाला लावली, "झालं" म्हणाली, आणि यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही.

तिचे हात तयार झाले डुकराच्या मांसाच्या कारखान्यात. पंधराव्या वर्षी लागली, अठरा वर्षं सॉसेजच्या माळा वळल्या. कारखाना बंद पडला तेव्हा इस्पितळाच्या धुलाईघरात गेली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. "विचारलं दोघांनी," ती सांगते, "पण दोघांनाही नाचता येत नव्हतं. मग काय बघायचं त्यांच्यात?"

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे संत स्टीफनच्या दिवशी, आमच्या गल्लीतून काडाची माणसं निघतात. हॉलीच्या काटेरी फांदीला लोकरीचा चिमुकला रेन पक्षी बांधलेला, एक डफ, एक पावा, आणि मागे डोक्यापासून गुडघ्यापर्यंत काडात बुडालेली माणसं. दारोदार जायचं, स्वयंपाकघरात शिरून नाचायचं, केक घ्यायचा, पुढे निघायचं. घरच्यांनी हवे तेवढे तर्क लढवावेत, पण विचारायचं नाही. आतल्याने सांगायचंही नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. उघड्या चेहऱ्याचा एकच माणूस असतो, म्होरक्या. बाकीच्यांच्या वतीने जे काही उत्तर द्यायचं ते त्याने द्यायचं.

नोनीच्या लहानपणी तिचे वडील बॅटी म्होरके होते. बायकांनी दार उघडायचं, केक कापायचा. बाहेर पडायचं ते पुरुषांनी. नोनी सोळा वर्षांची असताना तिच्या चुलतभावाला ऐन ख्रिसमसला गालगुंड झालं. त्याचा पोशाख खुंटीवर लटकत होता. तिने तो चढवला आणि गेली. दिवसभर बापाच्या मागे वीस पावलांवर नाचली. "ह्या बुटक्याच्या पायात स्प्रिंगा बसवल्यात का रे बॅटी?" असं लोक विचारत होते, आणि बॅटी म्हणत होते, "मला काय ठाऊक? काड आहे ते."

शेवटच्या घरी केक घेताना तिने हातमोजा काढला. मनगटावर कारखान्यातल्या उकळत्या पाण्याने भाजल्याचा डाग होता. बॅटी क्विलिगनने तो पाहिला. घरी आल्यावर काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. पुढच्या ऑक्टोबरात मात्र त्यांनी काडाची पेंढी तिच्यापुढे टाकली आणि म्हणाले, "बस. हात रिकामे दिसतायत तुझे."

त्या एका दिवसापासून नोनीचं मत पक्कं आहे. विचारायचं नाही हा नियम होता म्हणून ती आत शिरू शकली. विचारलं असतं तर तिला दारातूनच परत पाठवलं असतं.

गेल्या वर्षी शहराच्या हिवाळी महोत्सवाचं काम एका नव्या कंपनीकडे गेलं. नदीकाठच्या रस्त्यावर मंच, दिव्यांचे बोगदे, गरम सफरचंदाच्या रसाचे ठेले. नोव्हेंबरात कंपनीची सोर्चा ड्यूअन नावाची मुलगी नोनीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. अठ्ठाविशीची, नाक थंडीने लाल, मांडीवर कागदांची फाईल.

"मिसेस क्विलिगन, फक्त एक छोटं कार्ड. छातीवर लावायचं. नाव आणि फोन नंबर."

"मिसेस माझी आई होती. मी नोनी. चहात साखर?"

"नको. गर्दीत तोंड झाकलेली माणसं फिरणार म्हटल्यावर विमेवाले घाबरतात हो."

"घाबरू देत. घाबरवण्यासाठीच तर आहे ते."

सोर्चा हसली. मग म्हणाली, "आणि शेवटी मंचावर एकेकाने मुखवटा काढायचा. निवेदक नाव पुकारेल, लोक टाळ्या वाजवतील. हा वारसा आहे, नोनी. कोण जपतंय ते लोकांना कळायला नको?"

"नको."

"म्हणजे?"

"म्हणजे नको. तो मुखवटा काढला की खाली आमचा गॅस दुरुस्त करणारा निघेल. त्याला बघायला कोण थांबणार आहे? त्याच्या बायकोलासुद्धा कंटाळा आलाय त्याचा."

"कार्डाशिवाय मी तुम्हाला कार्यक्रमात घेऊ शकत नाही," सोर्चा म्हणाली. तिचा आवाज खरंच पडला होता. "त्या दिवशी नदीचा रस्ताही बंद असेल. कार्ड असलेल्यांनाच आत सोडणार."

"आमची मिरवणूक नदीच्या पायऱ्यांवर संपते. हॉलीची फांदी तिथेच ठेवायची असते."

"मला माहीत आहे."

"मग आम्ही येऊ," नोनी म्हणाली. "केक घे. जाडजूड काप घे, हाडं दिसतायत तुझी."

गल्लीत यावरून भांडण झालं. सगळ्यात जास्त तापला तो गसी हॅनन. नोनीच्याच वयाचा, चाळीस वर्षं डफ वाजवणारा. म्हणजे, वाजवतो असं सगळे धरून चालतात.

"एकदा, नोनी! एकदा मोठ्या दिव्यांखाली उभं राहिलो तर आभाळ कोसळणार आहे का?" तो तिच्या दारातच ओरडला. "माझी मुलगी बॉस्टनहून आलीये. तिने बापाचं नाव माईकवर ऐकलं तर तुझं काय जातं?"

"तुझं नाव? तू कधी गेला होतास मिरवणुकीत?"

"अगं, सगळ्या जगाला माहीत..."

"मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. ज्याला कार्ड लावायचंय त्याने लावावं, मंचावर जावं, माझं काही म्हणणं नाही. पण माझं काड घालून नाही."

"हट्टी गाढवीण आहेस."

"आणि तू डोक्यावर दिवा लावायला निघालेला म्हातारा. दार लाव, गारठा येतोय."

त्यानंतर गसी दुकानात समोर आला तरी बोलेना. त्याच्या बाजूने आणखी पाच-सहाजण होते. बाकीचे गप्प होते, आणि गप्प माणसांचं काही सांगता येत नाही. यंदा माणसं आली नाहीत तर पुढच्या वर्षी कुणी काडाला हातही लावणार नाही, हे नोनी जाणून होती. तरी तिने मोजून अठरा पोशाख केले, नेहमीइतकेच. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी दुपारी ते चर्चमागच्या शेडमध्ये खुंट्यांना टांगले, कडी न लावता ती घरी आली आणि खिडकीचे पडदे ओढून घेतले. हीही रीतच आहे. कोण उचलून नेतं ते मुखवटे करणाऱ्याने बघायचं नाही.

स्टीफनच्या दिवशी सकाळी जमिनीवर पांढरं दव गोठलं होतं. गेली सहा वर्षं म्होरकी नोनीच आहे. दहा वाजता ती वडिलांचा ओव्हरकोट घालून, हॉलीची फांदी घेऊन चर्चच्या भिंतीपाशी उभी राहिली. समोर रिकामी गल्ली. सव्वादहा झाले. तिने फांदी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. माणसं मागून येतात आणि म्होरक्याने वळून बघायचं नसतं, त्यामुळे ती समोरच्या बंद मासळीच्या दुकानाची पाटी वाचत राहिली. मग पाठीमागे सळसळ झाली, वाऱ्याने शेत हलावं तशी. आणि डफावर थाप पडली.

ती थाप तिने डोळे मिटूनही ओळखली असती. पण तिला विचाराल तर ती म्हणेल, कुणाची थाप? काड होतं ते.

अकरा घरं झाली. लहान स्वयंपाकघरांत पाच-सहाजण आळीपाळीने शिरायचे, त्यामुळे सगळे एकत्र असे कधी दिसलेच नाहीत. एका घरात नव्यानेच राहायला आलेल्या कुटुंबातली धाकटी मुलगी टेबलाखाली शिरली आणि शेवटच्या नाचाला बाहेर येऊन काडाचं एक टोक तोडून घेऊन गेली. एका म्हातारीने नोनीला कोपऱ्यात गाठलं. "तो उंच कोण गं? माझा भाचा ना?"

"तुझ्या भाच्याला एवढा ताल असता तर त्याची नोकरी टिकली असती," नोनी म्हणाली.

दुपारी एकच्या सुमाराला सगळे नदीच्या रस्त्यापाशी आले. लोखंडी कठडे लावले होते. कठड्यापाशी, पिवळं जाकीट घालून, हातात यादी घेऊन, सोर्चा ड्यूअन उभी होती. मागे दिव्यांचे बोगदे भरदुपारी लुकलुकत होते. रस घेऊन उभे असलेले लोक वळून बघायला लागले.

"नोनी, प्लीज," सोर्चा हळूच म्हणाली. "माझा साहेब तिकडे उभा आहे."

"दिसला. टोपी बरी आहे त्याची."

"यादीत नाव नसलेल्या कुणालाही मी सोडू शकत नाही. निदान आत कोण कोण आहे ते सांगा."

काडातली माणसं कधीच बोलत नाहीत. ती नुसती उभी राहिली, अंगावरचं दव वितळून टपकत, आणि लोकांचं बोलणंही हळूहळू थांबलं. रसाच्या ठेल्यावरच्या गाण्याचा आवाज कुणीतरी कमी केला.

"नावं हवीत ना तुला?" नोनी म्हणाली. "लिही. नोनी क्विलिगन, टॅनरी लेन. ह्यांच्यातल्या कुणी काही मोडलं, कुणाला धक्का दिला, कुणी नदीत पडलं, तर ते मी केलं. म्होरकी कशाला असते? लिही माझं नाव, अठरा वेळा."

सोर्चाने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या मागे बघितलं. पेनाचं टोक हवेत हलवत ती मोजत होती.

"एकोणीस आहेत," ती म्हणाली.

"अठरा."

"नोनी, मी दोनदा मोजले. एकोणीस."

तेव्हा नोनी क्विलिगन म्होरकीने जे करायचं नसतं ते करून बसली. मागे वळली. एका टोकापासून मोजत गेली आणि दुसऱ्या टोकाला पोहोचली तेव्हा एकोणीस झाले. परत मोजले. एकोणीसच.

डावीकडून सहावा. पोशाख धड होता, काड लांब आणि न चिरडलेलं. पण तिचा दोर उजवीकडे वळतो आणि हा डावीकडे वळलेला होता. शेंडीच्या जुडग्याला तिसरीच गाठ होती, घट्ट, नीटस, तिने कधी न पाहिलेली. चुकलेली नव्हती. सरावलेल्या हाताची होती.

सोर्चा वाट बघत होती.

"मग एकोणीस वेळा लिही," नोनी म्हणाली. तिच्या आवाजात आता वेगळंच काही होतं. "अक्षर नीट काढ."

सोर्चाने खरंच लिहिलं. कठड्यावर कागद टेकवून, गारठलेल्या बोटांनी, एकाखाली एक. मग तिने कठडा ओढला. तिचा साहेब लगबगीने आला. तिने त्याला यादी दाखवली आणि म्हणाली, "सगळ्यांची नावं आहेत, सर." तो वाचत उभा राहिला तोवर डफ सुरू झाला होता आणि काडाची माणसं मंचाच्या समोरून, न थांबता, मंचाकडे मानही न वळवता, पायऱ्यांपर्यंत गेली होती.

फेब्रुवारी आला तरी नोनी त्या गाठीवर अडकलेली आहे. तिने ती आठवून आठवून टेबलावर करून बघितली. चार वेळा सुटली, पाचव्यांदा जमली. परवा गसी आला होता, आता बोलतो. त्याच्या मानेवर अजून काडाने खरचटल्याच्या फिकट खुणा आहेत आणि नोनीला त्या दिसत नाहीत.

"डावखुरा असेल कुणीतरी," गसी म्हणाला. "मला काय ठाऊक? मी थोडाच होतो तिथे?"

"तू नव्हतास. कोण म्हणतंय तू होतास?"

"मग विचार ना गल्लीत. एका दिवसात कळेल."

"मी? मी विचारू?" तिने त्याच्यापुढचा केक मागे ओढला. मग थोड्या वेळाने परत पुढे सरकवला. बोटांत काडी होतीच, ती डावीकडे पीळ देऊन बघत होती. विचारणार ती नाहीच, पण झोप काही येत नाही. ह्या शहरात पंचावन्न वर्षं आपण एकटेच वळतोय असं तिला वाटत होतं.

"गसी," ती म्हणाली, "नाव नको मला. नाव गेलं खड्ड्यात. पण तो हात... त्या हाताला शिकवलं कुणी?"