यामिनीकाकूंची पैज

यामिनीकाकूंना गाड्यांच्या शर्यती कधीच आवडल्या नाहीत. तरीही वर्षानुवर्षं दर ऑक्टोबरात त्या जॉर्जियातल्या एका ट्रॅकवर, डोंगरउतारावर तंबू ठोकून तीन दिवस राहत आल्या. का जाता, असं विचारलं तर म्हणायच्या, "लग्न केलंय ना, मग बसायचं." काकूंचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात येतं आणि मला ते कधीच पटलेलं नाही.

कॅरी गावात आमची घरं एकाच रस्त्यावर आहेत. काकूंचे यजमान दिगंबरकाका मूळचे सांगलीचे, मेकॅनिकल इंजिनियर. इथे आल्यावर पोटासाठी कॉम्प्युटरपुढे बसले, पण जीव इंजिनातच अडकलेला. ऑफिसातल्या कुणीतरी एकदा त्यांना या शर्यतीला नेलं आणि मग ते वेड सुटलंच नाही. शर्यत भर दुपारी सुरू होते आणि दहा तास चालते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी सापडलं की काका त्याला कोपऱ्यात घेऊन समजावत, "गाडी शेवटपर्यंत टिकवायची, एवढंच. एकट्याने चालवायची नाही. ड्रायव्हर दमला की त्याने उतरायचं, दुसऱ्याने बसायचं. नियमच आहे तसा."

"आणि थालीपिठं थापायला का नाही हो तसा नियम?" काकू मागून विचारायच्या. सगळे हसायचे. काकू हसायच्या नाहीत.

उतारावरच्या त्यांच्या शेजाऱ्यांना, म्हणजे डेल आणि पॅमला, काकूंच्या थालीपिठांची चटक लागली होती. शेजारी कसले, वर्षातून तीन दिवस भेटणारी माणसं. पण जो आधी पोचेल त्याने दुसऱ्याच्या जागेभोवती दोरी बांधून ठेवायची, हा त्यांचा रिवाज. त्या दोरीत कधी खंड पडला नव्हता.

मग काका विसरायला लागले. आधी चाव्या, मग रस्ते. एकदा गणपतीच्या आरतीत टाळ हातात धरून मधेच थांबले आणि आपण कुठे आहोत तेच कळेना, असे सगळ्यांकडे बघत राहिले. काकूंनी चटकन त्यांच्या हातातला टाळ काढून घेतला आणि म्हणाल्या, "ऐकू कमी येतंय हल्ली यांना." झालं. त्या दिवसापासून काका बहिरे. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. कुणाला उत्तर नाही दिलं, कुणाला ओळखलं नाही, सगळं त्या बहिरेपणाच्या खाती जमा. झाकली मूठ सव्वा लाखाची. काकूंनी ती मूठ इतकी घट्ट आवळून धरली होती की बोटं सुजली तरी उघडायच्या नाहीत.

मला असली झाकपाक सहन होत नाही. मी एकदा तोंडावर म्हटलं, "काकू, हा बहिरेपणा नाही. तुम्हालाही माहितीय. कुणाची तरी मदत घ्या."  दुसऱ्या दिवशी काकू माझा डबा पायरीवर ठेवून गेल्या. रिकामा. त्या डब्यातून आमच्याकडून भाजी जायची आणि त्यांच्याकडून काहीतरी यायचं, चार पुऱ्या का होईना. आपल्यात रिकामा डबा कुणी परत करत नाही. केला, तर समजायचं काय ते.

उन्हाळाभर आमचं बोलणं बंद होतं. सप्टेंबर संपता संपता दार वाजलं. काकू उभ्या, हातात डबा, डब्यात रव्याचे लाडू. चेहऱ्यावर थकवा. किती बारीक झाल्या होत्या!

"दीपा, हायवेवर मला गाडी चालवता येत नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला रेसला नेशील का?"

घरात घेऊन बसवलं तेव्हा बाकीचं कळलं. त्यांची मुलगी रुही ॲन आर्बरला असते. तिने विसरणाऱ्या माणसांसाठी असलेल्या इथल्याच एका केअर होममध्ये काकांसाठी खोली ठरवली होती. शर्यतीनंतरच्या सोमवारी ती येणार होती आणि काकांना तिथे न्यायचं होतं. काकू अजून हो म्हणाल्या नव्हत्या.

"मी तिला सांगितलंय," काकू म्हणाल्या, "तिथे ट्रॅकवर यांनी मला एकदा, एकदाच नावाने हाक मारली, तर मी यांना कुठेही पाठवणार नाही. नाही मारली, तर ती म्हणेल तसं."

"ही काय पैज झाली, काकू?"

"वर्ष झालं गं," त्या म्हणाल्या. "मला मॅडम म्हणतात."

मी सुट्टी टाकली.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. जॉर्जियाची लाल माती बुटांना धरून बसत होती. डेलने दोरी बांधून जागा राखली होतीच. काकांना पाहून तो दोन्ही हात पसरून ओरडला, "डिग! मॅन, हाऊ आर यू?" काकूंनी त्याला मागच्याच वर्षी बहिरेपणाचं सांगून ठेवलं होतं. फाटकावरच्या पिवळ्या जाकिटातल्या बाईलाही काकूंनी आत येतानाच सांगितलं, की हे उत्तर देत नाहीत, कान गेलेत, वाईट वाटून घेऊ नका. काकांनी डेलचा हात हातात घेतला, गोड हसले आणि सोडून दिला.

शनिवारी दुपारी शर्यत सुरू झाली. पहिल्या गाड्या वळणावर आल्या तेव्हा जमीन पायाखालून थरथरली. सगळ्यांनी कानांवर जाड हेडफोन चढवले, काकांनीही. काका कुंपणाजवळ खुर्चीत बसले होते. अख्खा उतार गाड्यांकडे बघत होता, काकू तेवढ्या काकांच्या चेहऱ्याकडे. एक निळी गाडी गेली की काकांची मान तिच्यामागे वळायची. तेवढ्यावर काकूंचे डोळे लकाकायचे. "अहो, आठवलं का? इथेच त्या वर्षी टायर उडाला होता बघा, तुम्ही मला दाखवलं होतंत." काका म्हणायचे, "हो का? वा." पुन्हा एक फेरी, पुन्हा एक आठवण, पुन्हा "हो का? वा." मला ते बघवेना. दाराबाहेर उभं राहून कुणी बेल वाजवतंय, वाजवतंय, आणि घरात कुणीच नाही.

दुपारभर हे चाललं. मग पावसाची जोराची सर आली. मी ताडपत्रीचा सुटलेला कोपरा बांधायला गेले. काकू शेगडीवर थालीपीठ उलटत होत्या. वळून बघतात तर खुर्ची रिकामी. जाकीट खुर्चीवरच, हेडफोन चिखलात.

डेलने काकांना जाताना पाहिलं होतं. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "आय कॉल्ड हिम. ट्वाइस. आय फिगर्ड ही कुडन्ट हिअर मी." त्याला वाटलं, संडासाकडे चालले असतील. फाटकावरची बाई म्हणाली, हो, एक म्हातारे गृहस्थ इथूनच बाहेर गेले, मी विचारलं कुठे निघालात, ते बोलले नाहीत, तुम्हीच सांगितलं होतं ना? काकूंनी स्वतःच्या हाताने त्यांच्यासाठी सगळी दारं उघडून ठेवली होती.

डोंगरभर हजारो माणसं, तंबू, गाड्या, मागे दाट झाडी. थंडी वाढत होती आणि उजेड उतरत होता. पॅम म्हणाली, लाउडस्पीकरवरून नाव पुकारायला सांगू या. डेलने मान हलवली. बहिऱ्या माणसाला पुकारून काय उपयोग?

काकू चिखलात उभ्या होत्या. हातात उलथणं तसंच. माझ्याकडे बघितलं, मग डेलकडे. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, पण तेव्हा एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा काढत होत्या.

"ही कॅन हिअर," त्या म्हणाल्या. "ही इज नॉट डेफ. आय लाइड. ही फरगेट्स. ही फरगेट्स एव्हरीथिंग." आणि मग खूप हळू, "ही फरगेट्स मी."

पॅमने त्यांना जवळ घेतलं. काकू तिच्या खांद्यावर ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. डेल मात्र पळत सुटला होता, कर्मचाऱ्यांच्या गाडीकडे. लाउडस्पीकरवरून काकांचं नाव मोडकंतोडकं का होईना, डोंगरभर गेलं.

काका सापडले ट्रॅकच्या पलीकडच्या अंगाला, अनोळखी पोरांच्या मांडवाखाली. पोरांनी त्यांना घोंगडी पांघरली होती, खुर्ची दिली होती आणि खायला हॉट डॉग. आयुष्यात अंडंही न खाल्लेला हा माणूस मिटक्या मारत तो खात होता. काकू समोर जाऊन उभ्या राहिल्या. ओढणीच्या टोकाने त्यांच्या तोंडाला लागलेलं केचप तेवढं पुसलं.

काकांनी वर पाहिलं. काकू थांबल्या.

"बरं झालं आलात," काका म्हणाले. "बसा ना. माझी मिसेस इथेच आहे कुठेतरी. तिला आवडत नाही हो ही रेस. माझ्यासाठी येते बिचारी, कधी बोलून दाखवत नाही." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "फार दमलीय ती. तुम्ही माझ्याजवळ बसाल का थोडा वेळ? म्हणजे तिला जरा झोपता येईल."

काकू त्यांच्याशेजारी ओल्या गवतावरच बसल्या. म्हणाल्या, "बसते मी. झोपू दे तिला."

गाड्या दिवे लावून वळण घेत होत्या. 

आमच्या तंबूत परत आल्यावर काकूंनी माझ्यासमोरच रुहीला फोन लावला. रुहीने नेहमीप्रमाणे वाद घालायची तयारी ठेवली असणार. "आई, लिसन, धिस इजन्ट फेअर टू यू," एवढं मला ऐकू आलं. काकूंनी तिला मधेच थांबवलं. "पैज हरले मी. सोमवारी ये." पलीकडे रुही रडायला लागली आणि काकूच तिची समजूत घालत बसल्या.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. डेल आणि पॅम सामान गाडीत चढवत होते. जाताना डेलने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "टेक केअर, डिग." काकांना मी पुढे माझ्याशेजारी बसवलं. काकू मागच्या सीटवर चादरी आणि भांड्यांच्या पसाऱ्यात बसल्या आणि हायवेला लागायच्या आत झोपल्या. तोंड उघडं, मान एका बाजूला पडलेली. रात्र रात्र काकांच्या दाराशी जागलेली बाई ती. शुद्ध हरपल्यासारखी झोपली होती.

मला झोप येऊ नये म्हणून मी रेडिओ लावला. साउथ कॅरोलायना लागलं असेल. काका एकदम मागे वळले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून रेडिओ बंद केला.

"यामी झोपलीय," ते म्हणाले.

मी गाडीचा वेग कमी केला. "काका?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपू दे तिला. खूप केलं तिने."

मी आरशात पाहिलं. काकू हलल्याही नाहीत. एक हाक मारली असती तर जाग आली असती. पण काका माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, पूर्वीच्या, सांगलीच्या कडक नजरेने, की मी नजर पुन्हा रस्त्यावर वळवली. आणि खरं सांगायचं तर, ते सांगत होते ते मला पटत होतं. पुढचं पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा काकूंना जाग आली. त्यांनी काकांच्या हातात पाण्याची बाटली दिली. काका म्हणाले, "थँक यू, मॅडम."

हे पोटात ठेवणं मला शक्य नव्हतं. गाडीत काकांसमोर बोलता येईना, म्हणून घरी पोचल्याबरोबर, काकांना खुर्चीत बसवून, मी काकूंना स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. अगदी जसंच्या तसं.

"आणि तू मला उठवलं नाहीस?"

"काका नको म्हणाले."

"त्यांचं ऐकायला तुला आजच सुचलं?" काकूंचा आवाज चिरकला. हातातला चहाचा डबा त्यांनी ओट्यावर आपटला. "वर्षभर वाट बघितली मी. वर्षभर! तेवढ्यासाठी त्या चिखलात जाऊन बसले!" मग मात्र त्या रडल्या. ओट्याची कड धरून, मोठ्याने. मी जवळ गेले तर त्यांनी माझा हात झटकला. बाहेर काका शांत बसून होते.

काही वेळाने काकूंनी डोळे पुसले. म्हटलं, आता रुहीला फोन करतील. ट्रॅकवर नाही, गाडीत का होईना, पैज तर जिंकल्याच होत्या. मी फोन पुढे केला.

"नको," त्या म्हणाल्या. "झोपू दे म्हणाले ना?"

"हो."

"खूप केलं, असंही म्हणाले?"

"हो, काकू."

त्यांनी मी पुढे केलेला फोन मागे सारला आणि काकांचे सदरे बॅगेत भरायला आत गेल्या.

सोमवारी रुही आणि आम्ही काकांना सोडून आलो. काका दारात उभे राहून सगळ्यांना सारखंच गोड हसले. रुही कागदपत्रांसाठी मागे थांबली. पार्किंगमध्ये काकू गाडीपाशी आल्या, दार उघडलं, पण आत बसेनात.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "कशी हाक मारली?"

"यामी झोपलीय, म्हणाले."

"तसं नाही. त्यांच्यासारखं म्हण."

मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "अजून एकदा."