आमच्या विहिरीतले आंधळे जीव

बहात्तरच्या दुष्काळात माय आणि बा दोघंही खडी फोडायला जात. तीर्थपुरीच्या अलीकडं आमचं गाव. आम्ही भावंडं त्या साली सरकारनं वाटलेल्या सुकडीवर जगलो, हे मी कुणापासून लपवत नाही. पण भुकेपेक्षा पाण्याचा त्रास मोठा होता. आम्ही बौद्ध. गावाच्या विहिरीपाशी आमच्या बायकांनी लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली की त्यानं वरून ओतलेलं पाणी घागरीत घ्यायचं. शेवटी वस्तीतल्या माणसांनी ठरवलं, दिवसा सरकारची खडी फोडायची आणि संध्याकाळी आपली विहीर खोदायची. घण, पहार हातात होतेच. काळा पाषाण काही केल्या फुटत नव्हता. ज्या दिवशी एका भेगेतून पाणी आलं, त्या दिवशी बा तळाशीच बसून राहिला. वर यायलाच तयार होईना.

त्या विहिरीचं पाणी पिऊन मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मग औरंगाबादला एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं.

सुट्टीत घरी आल्तो. माय घागरीच्या तोंडाला फडकं धरून पाणी गाळत होती. फडक्यावर तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी वळवळलं.

"काय गं हे?"

"असतेत पान्यात. झटकून टाकायचे."

मी झटकलं नाही. बाटलीत घालून औरंगाबादला नेलं. पोचेपर्यंत ते मेलं होतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि मी सरांना हाक मारली. जीव झिंग्याच्या कुळातला होता. अंगाला रंग नव्हता, आणि डोळे असायला हवेत तिथं काहीच नव्हतं.

सर आम्हाला खोल समुद्रातल्या आणि गुहांतल्या जीवांबद्दल शिकवायचे. ऊन कधीच पोचत नाही तिथंही कुणीतरी राहतं, हे सांगताना त्यांना तास संपल्याचं भान नसायचं. त्या दिवशी त्यांनी कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा हलवला नाही.

"हा विहिरीतला नव्हे," ते म्हणाले. "खडकाच्या भेगांत जे पाणी असतं, हा तिथला. विहिरीत चुकून आलाय. पण एका मेलेल्या जीवावर प्रबंधाचा विषय मंजूर होत नसतो. मी येतो तुझ्या गावाला. जिवंत दाखव, विषय तुझा. नाहीतर सगळ्यांसारखं झुरळावर काम कर."

मला तोच विषय पाहिजे होता. झुरळावर कुणीही काम केलं असतं. ही विहीर मात्र माझी होती.

वैशाखात सर एसटीनं आले. सगळी वस्ती गोळा झाली होती. जयभीम झाले. मायनं तांब्या पुढं केला. सर पाणी प्यायले आणि थबकले.

"हे दवाखान्यासारखं लागतंय की हो."

बा खूश झाला. "बराबर वळखलं सायेब! पावडर हाय ती. आरोग्यवाला दरसाली गावाच्या विहिरीत टाकतो, आमच्याकडं फिरकत बी न्हाई. तुमी विहीर तपासाया येऊन राह्यले म्हनून यंदा त्याला धरूनच आनला. बक्कळ टाकायला लावली. आता बिलकुल एक किडा सापडनार न्हाई तुमाला!"

बाचं तोंड आनंदानं फुललं होतं. सर हळू आवाजात म्हणाले, "दादा, आम्ही किडेच बघायला आलोय."

मग शेजारच्या मावशीनं तोंड उघडलं, "अरं, इतकं शिकून किडे धरतोस व्हय? मंग शाळेत कशाला गेल्तास? आमच्या पिठात हायेत की!"

सगळे हसले. बा हसला नाही. आम्ही जाळी सोडून पाहिली. काही आलं नाही. मी बाजवळ गेलो आणि म्हटलं, "बा, ते खडकाच्या आत राहतात. पावडर विहिरीत पडलीय, भेगेच्या आतवर गेली नसंल. आतलं नवं पाणी येईल, त्यात सापडतील."

"मंग उपसू की," बा म्हणाला आणि धोतर खोचायला लागला.

"अन् उद्या पोरांनी काय प्यायचं?" मागून एक बाई म्हणाली. तिचं खरं होतं. वैशाखातलं पाणी ते. विहीर उपसली की घरोघरच्या भरलेल्या घागरी तेवढ्या शिल्लक राहणार होत्या. मी तर नको म्हणणार होतो. पण मावशीनंच पदर खोचला. "उद्याचं उद्या बघू. ज्याच्यापायी सायेब इतक्या उन्हाचं आलं, त्यो किडा आमाला बी बघू द्या."

दुपारभर बादल्या वर येत राहिल्या. तळ दिसला तसा मी आणि बा खाली उतरलो. मायनं आपलं गाळायचं फडकं वरून टाकलं. ज्या भेगेतून पहिलं पाणी आल्तं, तिच्या तोंडाशी बानं ते ताणून धरलं. पाणी करंगळीच्या धारेनं येत होतं. दिवस कलायला आला तेव्हा फडक्यावर पांढरं काहीतरी सरकलं. थोड्या वेळानं दुसरं.

सर चपला काढून खाली उतरले. बॅटरीचा झोत त्यांनी थेट त्या जीवावर टाकला. त्याला काही फरक पडला नाही, तो आपला चालत राहिला.

"आंधळा हाय गं," बा वर मायकडं बघून ओरडला, "पन चालतो बराबर!"

दोन्ही जीव बाटलीत घातले. बाटली वर गेली आणि हातोहात फिरली. मावशीनं ती उन्हाकडं धरली. "आमच्या आधीपासून हितं राहून राह्यला म्हना की," ती म्हणाली, आणि सर वर आल्यावर बाटली तिनं दोन्ही हातांनी त्यांना दिली.

पुढं मी पुष्कळ विहिरींत उतरलो. पण वैशाखात स्वतःचं प्यायचं पाणी असं कुणी ओतून दिलं नाही, आणि मी कुणाकडं मागितलंही नाही. त्या माणसांचे उपकार मला फेडता येण्यासारखे नाहीत.

विषय मंजूर झाला. मी प्रबंध लिहिला आणि एम.एस्सी. झालो. विभागाच्या कपाटात ते जीव बरणीत ठेवले, आणि बरणीवरच्या चिठ्ठीत आमच्या वस्तीच्या विहिरीचं नाव लिहिलं.